डावीकडची कुंडी

१

रविवारी सकाळचा चहा झाला की सापाचं घर साफ करायचं, हा आमच्या घरातला नियम झाला होता. नियम माझा नव्हे, मेहुण्याचा. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरी करतो. या खेपेला वर्षभरासाठी गेला आणि जाताना त्याचा पाळीव अजगर माझ्या गळ्यात टाकून गेला. अगदी शब्दशः टाकला, फोटोसुद्धा काढला. फोटोत माझा चेहरा पाहून सगळं सासर हसलं.

अजगर म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतो तेवढा नव्हे. लांबीला माझ्या हाताएवढा, जाडीला मनगटाएवढा, स्वभावाने गरीब. घाबरला की स्वतःच्याच वेटोळ्यात डोकं खुपसून बसतो. दिवसभर नुसता लोळत असतो म्हणून आमच्या मुलीने, ठकूने, त्याचं नाव शेठ ठेवलं. बायको मात्र त्याच्यापासून चार हात लांबच असायची. "साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला," असं म्हणून ती आम्हा दोघांकडेही सारख्याच संशयाने बघायची.

माझा धंदा फ्रिज आणि एसी दुरुस्तीचा. त्यामुळे शेठचं घर मी स्वतः बांधलं. एका दुकानाने भंगारात काढलेला आडवा, काचेच्या दाराचा फ्रिज मिळाला. त्याचा कॉम्प्रेसर काढून टाकला, हवेला भोकं पाडली आणि उजव्या अर्ध्या भागात खाली गरम होणारी चटई बसवली, थर्मोस्टॅट लावून. डावा अर्धा भाग तसाच गार ठेवला. सापाला अंगची ऊब नसते. ऊब हवी असेल तर तो उजवीकडे जातो, नको असेल तर डावीकडे. लपायला दोन्हीकडे एकेक मातीची कुंडी उपडी ठेवली आणि तिच्या काठाला माझी मूठ जाईल एवढं भोक पाडलं. प्रत्येक कुंडीत एक सेन्सर आणि बाहेर पट्टीवर दोन आकडे. उजवीकडे बत्तीस, डावीकडे सव्वीस.

या आकड्यांवर माझा फार विश्वास. गिऱ्हाईक खोटं बोलतं, "आम्ही तर फ्रिजचं दार उघडतच नाही हो" असं शपथेवर सांगतं. आकडा कधी खोटं बोलत नाही, असं मी वीस वर्षं मानत आलो.

२

त्या रविवारी नेहमीसारखंच चाललं होतं. शेठला उचलून झाकणाच्या बादलीत ठेवलं. बादलीवर बसून राहायचं काम ठकूचं. सात वर्षांची आहे, तिला दुसरं कुठलं काम शांतपणे जमत नाही, पण हे जमायचं. म्हणजे बसायची शांत, तोंड चालूच. शेठला स्वप्नं पडतात का, शेठला मामाची आठवण येते का, शेठचं पोट कुठे संपतं आणि शेपटी कुठे सुरू होते.

मी जुना कागद गुंडाळून काढला, कुंड्या धुतल्या, पाण्याचं भांडं घासलं, व्हिनेगरच्या पाण्याने तळ पुसला. कोरडं करून नवा कागद अंथरला, कुंड्या जागच्या जागी ठेवल्या. तेवढ्यात फोन आला. एका हॉटेलवाल्याचा डीप फ्रीझर बंद पडला होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फोनवर त्याला धीर देत मी गॅलरीत गेलो. दहा मिनिटं गेली असतील.

परत आलो तर ठकू बादलीवर नव्हती. सापाच्या घरासमोर मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. काचेचं दार बंद होतं. बादलीचं झाकण जागेवर होतं, शेठही आत होता. म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. फक्त ती बोलत नव्हती.

"काय गं, शेठने जीभ पळवली का तुझी?" मी विचारलं.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जरा सावकाश पाहिलं. "नाही," म्हणाली, आणि उठून उन्हाच्या खिडकीत जाऊन बसली.

मी शेठला आत सोडला. तो नेहमी पहिल्यांदा डावीकडच्या गार कुंडीत शिरायचा. त्या दिवशी तिच्या भोकापाशी गेला, जीभ बाहेर काढली, आणि आला तसा मागे सरकला.

संध्याकाळी डावीकडचा आकडा एकोणतीस होता.

३

सेन्सर बिघडला असणार. दुसरं काय? मी नवा लावला. मंगळवारी एकतीस. उजवीकडचा सेन्सर डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे करून पाहिला. सेन्सर बदलले, आकडे जागचे हलले नाहीत. बुधवारी चौतीस. शुक्रवारी सदतीसच्या जरा खाली येऊन आकडा थांबला, तो तिथेच राहिला.

मी सरळ प्लग काढला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चटईच बंद केल्यावर दोन्ही बाजू खोलीइतक्या गार व्हायलाच हव्या होत्या. तासाभरात उजवी बाजू पंचवीसवर आली. डावी छत्तीस पूर्णांक आठ. दोन तासांनी पाहिलं, छत्तीस पूर्णांक आठ.

मी कुंडी उचलली. खाली कागद, कागदावर सेन्सरची वायर, बाकी काही नाही. कागद हाताला ऊबदार लागला. मधोमध थोडा दबलेला होता. शेठने दाबला म्हणावं, तर शेठ आठवडाभर तिकडे फिरकला नव्हता. तो उजवीकडच्या कोपऱ्यात, कुंडीच्या बाहेर, डोकं उंच करून बसलेला असायचा. डावीकडच्या कुंडीवरची नजर तो काढत नसे.

मेहुण्याला निरोप पाठवला. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "भावजी, साप स्वतः गरम होत नाही हो. तुमचं मशीन बिघडलंय." वर हसणारे तीन चेहरे.

मला हसू आलं नाही. छत्तीस पूर्णांक आठ हा आकडा मी आणखी कुठेतरी पाहिलाय, असं वाटत होतं. मग आठवलं, निरोगी माणसाच्या अंगाची ऊब एवढीच असते, आणि मी ते मनातून झटकून टाकलं.

४

आठवडाभर ठकू खिडकीतून हलली नाही. ऊन सरकेल तशी तीही सरकायची. ताट समोर ठेवलं की नको म्हणायची, आणि मग एकदम एका दिवशी सगळं ताट साफ करून पुन्हा दोन दिवस काही नाही. रात्री तिच्या अंगावर पांघरूण घालताना माझा हात तिच्या पायाला लागला. मी दचकून हात मागे घेतला. फरशीला हात लागावा तसं वाटलं.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत बघण्यात तिचा दिवस जातो. शनिवारी ती स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही ठकूचे डोळे बघितलेत?"

"का? लाल झालेत?"

"पापण्या लवत नाहीत तिच्या. मी समोर बसून मोजलं. दहा मिनिटांत एकदासुद्धा नाही."

"काहीतरीच तुझं. खेळत असेल. आम्ही लहानपणी असेच खेळायचो, आधी कोणाची पापणी लवते."

"मी खेळत नव्हते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठकूच्या काखेत थर्मामीटर लावला. तो वाजला. त्यांनी पाहिला, झटकला, पुन्हा लावला. "नुसतं 'लो' दाखवतोय," ते म्हणाले. सेल बदलला, तरी तेच. "हे असले स्वस्तातले थर्मामीटर! नाडी चांगली आहे, छाती साफ आहे. थोडी अशक्त आहे, एवढंच." टॉनिक लिहून दिलं. ठकू सगळा वेळ त्यांच्या टेबलावरच्या दिव्याखाली हात धरून बसली होती.

मोजणाऱ्या यंत्राला नावं ठेवून मोकळं व्हायचं, हे मी माझ्या धंद्यात रोज ऐकतो. मी टॉनिकची चिठ्ठी खिशात घातली. मला भीती वाटत होती, आणि कसली वाटते ते तोंडाने म्हणायची त्याहून जास्त भीती वाटत होती.

५

दुसऱ्या दिवशी पुन्हा रविवार. बायको म्हणाली, "तो साप घरातून घालवा. तो आजारपण घेऊन आलाय." मी म्हटलं, आधी त्याचं घर नीट करतो, मग बघू. खरं म्हणजे मला हातांना काम हवं होतं. माणूस घाबरला की आपल्याला जे येतं तेच करत बसतो.

मागच्या खोलीत गेलो. शेठला बादलीत ठेवला. या वेळी बादलीवर बसायला कोणी नव्हतं, म्हणून झाकणावर पत्र्याची पेटी ठेवली. कागद बदलला. डावीकडची कुंडी धुतली, पुसली, परत ठेवली. पाण्याखाली धरली तेव्हा गार पडली होती. जागेवर ठेवल्यावर मिनिटाभरात पट्टीवर पुन्हा छत्तीस पूर्णांक आठ.

मग मला राग आला. नको तिथे गरम होतंय ना, मग गार करायचं. वीस वर्षं दुसरं काय केलं मी? कामाच्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या चार पिशव्या होत्या, औषधांच्या दुकानांचा माल वाचवायला मी नेहमी बाळगतो. त्या कुंडीला चारी बाजूंनी लावल्या, भोकासमोर फक्त बोटभर फट ठेवली. चटईचा प्लग काढला, एक छोटा पंखा लावला आणि काचेचं दार बंद केलं.

पस्तीस. चौतीस. तेहतीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आकडा माझं ऐकत होता. मी मांडी घालून समोर बसलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

६

आवाज एकतीसला सुरू झाला.

आधी वाटलं, पंख्याचं पातं कशाला तरी घासतंय. पंखा बंद केला. आवाज चालूच. बारीक, भराभर, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. शेठ बादलीत होता, बादली माझ्यामागे. मी काचेला कान लावला. आवाज डावीकडच्या कुंडीतून येत होता.

असा आवाज मी धंद्यात रोज ऐकतो. शीतगृहात नवा माणूस पहिल्यांदा कामाला आला, की पाच मिनिटांत त्याच्याकडून हा आवाज येतो. दात वाजत होते. छोटे छोटे दात.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बायको ओरडली. घाबरून नव्हे, आनंदाने. "अहो! लवकर या! हिचे हात गरम झालेत! गाल बघा, गाल!"

मी जागचा हललो नाही. पट्टीवर तीस होते.

नवा फ्रिज घेणाऱ्याला मी एक गोष्ट नेहमी समजावून सांगतो. हे मशीन थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं. म्हणून तर मागची जाळी तापते. आत जितकं गार, तितकं बाहेर गरम. ती उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते.

"बाबा!" बाहेरून ठकूची हाक आली. आठवडाभरानंतरची पहिली हाक, अगदी तिच्या आवाजात. "बाबा, अजून बर्फ आहे का?"

बर्फाबद्दल मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

७

मी दार उघडून पिशव्या ओढून काढल्या. चटईचा प्लग लावला, कपाटावरची शाल ओढली आणि कुंडीभोवती गुंडाळली. कुंडी उचलायचा धीर होईना. उचलल्यावर खाली काही नसतं, हे मला माहीत होतं. आवाज कुंडी जागेवर असेपर्यंतच होता. ती हलवली तर तो कुठे जाईल, हे मला माहीत नव्हतं.

मोबाइलचा टॉर्च लावून मी भोकातून पाहिलं. प्रकाश आत गेला आणि पलीकडच्या बाजूला लागायला हवा होता तिथे लागला नाही. आत नुसता काळोख, वीतभर कुंडीत मावणार नाही एवढा. त्या काळोखातून भोकाच्या काठावर चार बोटं आली. नखं निळी पडलेली. मधल्या बोटावर पेन्सिल धरून धरून पडलेला घट्टा.

मी माझं बोट पुढे केलं. त्या बोटांनी ते घट्ट धरलं.

"ठकू," मी म्हणालो. माझी बोबडी वळली होती, नाव धड निघालं नाही. दातांचा आवाज थोडा कमी झाला. एकतीस. बत्तीस. मी शालीत तोंड खुपसून कुंडीवर श्वास सोडत होतो, लहान मुलाच्या हातावर सोडतात तसा.

"अहो!" या वेळी बायकोच्या आवाजात आनंद नव्हता. ती दारात आली तेव्हा ठकू तिच्या कडेवर होती. सात वर्षांची मुलगी कडेवर घेऊन ती धापा टाकत होती. ठकूची मान तिच्या खांद्यावर कलंडलेली, ओठ पांढरे. डोळे उघडे, माझ्यावर खिळलेले, पापणी न हलवता.

"आत्ता हसत होती! जेवायला मागत होती! मध्येच अशी गार पडली. तुम्ही काय करताय इथे? काय केलंत तुम्ही?"

"इकडे ये," मी म्हणालो. "हात घाल इथे. बघ कोणाचा हात आहे."

ती आली नाही. तिने खोलीभर नजर फिरवली. बाजूला पडलेल्या बर्फाच्या पिशव्या, शाल, लागलेला प्लग, पट्टीवरचा आकडा. माझी बायको बोलते जास्त, म्हणून लोकांना तिची हुशारी कळत नाही. मला कळते.

"मघाशी बर्फ लावला होता तुम्ही," ती हळूहळू म्हणाली. "तेव्हा ही बरी झाली."

"ती ठकू नाही."

"माझ्या कडेवर कोण आहे मग?" ती किंचाळली. "सात वर्षं वाढवलीय मी हिला! ही मरतेय इथे, आणि तुम्ही कुंडीशी बोलताय!"

८

तिने ठकूला खाली बसवलं, माझ्या गुडघ्याला टेकून. ठकूचं डोकं माझ्या मांडीवर आलं. तिच्या केसांना तोच वास होता, कालच न्हाऊ घातलेल्या केसांचा. कानामागचा तीळ जागेवर होता. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. एक हात कुंडीतल्या बोटांत अडकलेला, दुसऱ्या हाताखाली हे डोकं, आणि बोटं आणि डोकं दोन्ही माझ्या मुलीचीच. मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. जी डोळ्यांना दिसते, जिला हात लावता येतो, जिला तिची आई ओळखते, ती खरी. उपड्या कुंडीत माणूस मावत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. आठवडाभर नीट झोप नाही, काळजी, त्यात ही भीती. माणसाला काहीही दिसतं, काहीही ऐकू येतं.

असं मी स्वतःला समजावत होतो, आणि कुंडीतली बोटं माझं बोट दाबत होती. दोनदा दाबलं, थांबली, पुन्हा दोनदा दाबलं.

बायकोने प्लग काढला. शाल काढून फेकली. पिशव्या एकेक करून कुंडीला लावल्या, मी लावल्या होत्या तशाच, आणि पंखा चालू केला. तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं, पण हात थरथरत नव्हते. "देवा, वाचव माझ्या लेकीला," ती पुटपुटत होती. मी तिला अडवलं नाही. अडवायला एक हात मोकळा होता, तरी अडवलं नाही.

तीस. एकोणतीस.

माझ्या मांडीवरचं डोकं कोमट झालं, मग गरम. ठकूने एक दीर्घ श्वास घेतला. तिची पापणी लवली. मग पुन्हा लवली, सराव करावा तशी. बायको हुंदका देऊन तिला बिलगली. कुंडीतले दात आता वाजत नव्हते.

"बाबा," ठकू म्हणाली, "दार लावून घेऊया ना. गार हवा बाहेर येते."

"हात काढा अहो," बायको म्हणाली. ती काकुळतीला आली होती. "तुमच्या पाया पडते, काढा तो हात. दार लागत नाहीये."

सत्तावीस.

आतली पकड अजून होती. मी दुसरा हात भोकापाशी नेला आणि ती बोटं करंगळीपासून एकेक उघडत गेलो. फार जोर लावावा लागला नाही.